सुक्करचा अपराधी

मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यात पाहिलेत तर माझ्या आधी माझ्या तोंडावरचे मुसके तुमच्या नजरेत भरेल. चामड्याच्या पट्ट्यांचे हे मुसके मी गेली चार वर्षे घालतो आहे. ते पाहून मुले आईच्या मागे लपतात. मोठी माणसे विचारतात, "चावतो का हो?" मी माणसाला आजवर एकदाही चावलेलो नाही. तरीही हे मुसके माझ्या तोंडावर आहे आणि ते असायलाच हवे. असे का, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. सांगताना मला लाज वाटेल, माझी मान खाली जाईल. पण काही लपवणार नाही.

मी एक म्हातारा स्लुगी कुत्रा आहे. माझे नाव बर्क, म्हणजे वीज. ट्युनिशियात कैरवानच्या पलीकडे जो कोरडा, गवताळ माळ आहे, तिथे मेंढपाळांच्या एका तंबूत माझा जन्म झाला. आम्ही स्लुगी लांब पायांचे, पोट आत ओढलेले, अंगावर मांस कमी असलेले कुत्रे. ससा दिसला की पळायचे, यासाठीच आमचे पूर्वज माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले. मी तीन महिन्यांचा होतो तेव्हा माझा पहिला मालक हमूदा काठीला सशाचे वाळलेले कातडे बांधून ते माझ्यासमोरून जमिनीवर ओढत नेई. मी झेप घेतली की तो हसे, माझ्या कानामागे खाजवे आणि रोटीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून देई. मला दुसरे काही कधी शिकवलेच नाही.

चार हिवाळे मी त्याच्यासाठी शिकार केली. पाहुणे आले की तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "ह्यानं धरलेला ससा आजवर सुटला नाही." तेव्हा माझा ऊर भरून येई. मग एका सकाळी पळताना माझा मागचा पाय एका चरात अडकला. पाय बरा झाला, पण वेग गेला. हमूदाने मला मारले नाही, हे मला सांगितले पाहिजे. त्याने मला गाडीत बसवले, बऱ्याच लांब समुद्राच्या बाजूला नेले, ऑलिव्हच्या बागेत उतरवले, समोर रोटी ठेवली आणि तो निघून गेला. मी रोटी तिथेच टाकून गाडीमागे पळालो. आयुष्यात मी ज्याच्या ज्याच्या मागे पळालो, त्यातली ती गाडी तेवढी मला गाठता आली नाही.

तिथून मला सालिहाने उचलले. ती पूर्वी दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर महदिया गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या तेलघाण्यात तिने बेवारस कुत्र्यांचा निवारा उघडला होता. लहानथोर सगळे तिला 'खाल्ती', म्हणजे मावशी म्हणत. तिथे आम्ही चाळीसेक कुत्री होतो. लोक येत, लहान पिल्ले नेत, केसाळ कुत्री नेत. मला कोणी नेत नसे. कारण एकदा कुंपणापलीकडून एक कोंबडा गेला आणि मी तारेवर अशी धडक मारली की माझे नाक फाटले. त्या दिवसापासून खाल्ती येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याबद्दल आधी ते सांगे आणि मग माझे नाव सांगे.

चौदा महिन्यांनी शादली मास्तर आले. त्यांनी गावातल्या शाळेत सदतीस वर्षे मुलांना लिहायला शिकवले होते. गाव त्यांना 'सी शादली' म्हणे. आमच्याकडे पुरुषाला आदराने 'सी' म्हणतात आणि बाईला 'लल्ला'. त्यांची बायको वारून दोन वर्षे झाली होती. ते माझ्या पिंजऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हा बाकीच्यांसारखा भुंकत नाही," ते म्हणाले. "किती शांत आहे!"

"शांत?" खाल्ती हसली. "समोरून एक कोंबडी जाऊ द्या मास्तर, मग बघा ह्याची शांती. मी तुम्हाला फसवणार नाही. माणसांशी हा गरीब गाय आहे. पण पळणारं काही दिसलं की ह्याचे कान बंद होतात. मांजर, ससा, कोंबडी, काहीही. मग तुम्ही हाका मारा नाहीतर ढोल वाजवा."

"अहो खाल्ती, ह्या हाताखालून अख्खं गाव गेलंय. एक कुत्रं नाही व्हायचं शिकून?"

"पोरांचं वेगळं. हा शिकेल हो, बस म्हटलं की बसेल. पण जे रक्तात आहे ते तुमच्या फळ्यावर नाही पुसलं जात. दोरी म्हणजे दोरी. वर्ष झालं तरी दोरी, दोन वर्षं झाली तरी दोरी. कबूल असेल तर न्या."

"कबूल," मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले.

अशा रीतीने मी महदियाच्या जुन्या वस्तीत राहायला आलो. मास्तरांचे घर समुद्राकडे जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत होते. मी अंगणात झोपे. पहाटेच्या नमाजाआधी ते मला फिरवून आणत, मग हातपाय धुऊन मशिदीत जात. संध्याकाळी ते चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसत आणि मी त्यांच्या खुर्चीखाली. माझ्या ताटात शुक्रवारी माशांच्या कुसकुसातला, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या जेवणातला वाटा असे. मला 'बस' कळले, 'थांब' कळले, 'ये' कळले. प्रत्येक वेळी मास्तर म्हणत, "शाब्बास, पैकीच्या पैकी!" चार हिवाळ्यांच्या शिकारीनंतर जी शाबासकी थांबली होती, ती मला पुन्हा मिळू लागली.

शेजारच्या दारात लल्ला बेया राहत. विणकरांकडून आलेल्या रेशमी शालींना त्या दारात बसून गोंडे बांधत. त्यांच्या मांडीपाशी, रेशमाच्या लडींवर एक पांढरीशुभ्र मांजर झोपलेली असे. तिचे नाव सुक्कर, म्हणजे साखर. लल्ला बेयांचा मुलगा वज्दी याने ती कोळ्यांच्या धक्क्यावरून टोपीत घालून आणली होती. पुढे वज्दी समुद्रापलीकडे सिसिलीला मासेमारीच्या बोटीवर गेला. कागदपत्रे नीट नसल्यामुळे सहा वर्षे त्याला घरी येता आले नव्हते. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येई. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येई. आईची चौकशी झाली की तो म्हणे, "उम्मी, सुक्करला दाखव ना." मग त्या फोन मांजरीसमोर धरत आणि तो हजार शब्द तिच्याशीच बोले.

मी आलो त्याच दिवशी लल्ला बेया कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, पाच वेळा नमाज पढता आणि घरात कुत्रं आणलंत? तेही असलं, उपाशी उंटासारखं?"

"तो घरात नाही, अंगणात आहे, लल्ला बेया."

"कुठेही असू दे. त्याला सांगा, माझी सुक्कर ह्या गल्लीत त्याच्या आधीपासून राहतेय."

"काळजी करू नका. त्याला पहिलीत घातलंय. वर्षाअखेर तुमच्या सुक्करला वाकून सलाम करील!"

दोघेही हसले. मी हसलो नाही. कारण सुक्कर त्या क्षणी भिंतीवरून चालली होती आणि माझ्या पाठीचा एकेक केस उभा राहिला होता. मास्तरांना ते दिसले नाही. त्यांनी दोरी मात्र घट्ट धरली होती.

सात महिने दोरी कधीच सुटली नाही. मग कॉफीच्या दुकानात हसूना एकदा बोलला. हा हसूना जाळी दुरुस्त करतो आणि सगळ्या चौकाची टिंगल करतो.

"काय हो सी शादली, ह्या दोघांत कुणी कुणाला बांधलंय? सात महिने झाले, अजून पहिलीतच? आम्हाला तर तुम्ही चार महिन्यांत पाढे पाठ करायला लावायचात!"

सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांच्या बोटांनी दोरीला पीळ घातला, तो मला मानेवर जाणवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमाज पढून ते मला समुद्राकाठच्या कबरस्तानाकडे घेऊन गेले. गाव संपते तिथे दीपगृहाच्या पायथ्याशी उतारावर पांढऱ्या कबरी थेट लाटांपर्यंत पसरल्या आहेत. एवढ्या सकाळी तिथे कोणी नसते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या पट्ट्यातून दोरी सोडवली. मी थोडा पुढे पळालो. त्यांनी हाक मारली. मी परत आलो. त्यांनी माझे डोके दोन्ही हातांत धरले. "बघितलंस?" ते म्हणाले, "मला ठाऊक होतं." सलग सहा दिवस मी हाकेसरशी परत आलो. खाल्तीला दिलेला शब्द दोघांनी मिळून मोडला होता आणि आम्हा दोघांनाही त्यात आनंद वाटत होता.

सातवा दिवस शनिवार होता. ऊन नुकतेच पडू लागले होते. एका कबरीवर पांढरे काही हलले. चुना आणि पांढरे केस यांतला फरक माणसाच्या डोळ्यांना कळला नसता, पण मला कळला. सुक्कर उन्हाला येऊन बसली होती. तिने मला पाहिले आणि ती पळाली.

ती पळाली नसती तर काय झाले असते, हे मला माहीत नाही. ती पळाली. माझे कान बंद झाले. मास्तर ओरडत असणार. त्यांच्या घशाला नंतर दोन दिवस खरखर होती. मला काहीच ऐकू आले नाही. माझा अधू पाय अधू राहिला नाही. चार कबरी ओलांडल्या आणि मी तिला गाठले. हमूदाने शिकवले होते तशी मान पकडली, एक झटका दिला. बस्स, तेवढेच.

मित्रांनो, आता जे सांगायचे ते सर्वांत कठीण आहे. त्या क्षणी मला आनंद झाला. मी तिला तोंडात धरून मास्तरांकडे आलो, त्यांच्या पायाशी ठेवली, शेपटी हलवली आणि शाबासकीची वाट पाहिली. मी जे केले त्याची मला लाज वाटतेच. पण शेपटी हलवत उभा होतो त्याची जास्त वाटते.

मास्तर खाली बसले. त्यांनी सुक्करच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून तिला गुंडाळले, खडकाजवळच्या वाळूत हाताने खड्डा केला आणि तिला पुरले. मला पाण्यात ओढत नेऊन माझे तोंड धुतले. खारे पाणी माझ्या डोळ्यांत गेले. शाबासकी आलीच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी काहीतरी भयंकर केले आहे.

घरी परतताना लल्ला बेया दारात होत्या. हातात सार्डिन माशांच्या डोक्यांची बशी होती.

"मास्तर, सुक्कर दिसली का हो? रात्री खिडकीतून गेली ती आलीच नाही."

मास्तरांनी दोरी पुन्हा माझ्या पट्ट्यात अडकवली होती. ती त्यांनी हातावर गुंडाळली.

"नाही," ते म्हणाले.

शनिवार, रविवार, सोमवार. लल्ला बेया गल्लीत हाका मारत फिरत. "सुक्कर! अगं सुक्कर!" मास्तर खिडकी लावून घेत. लावलेल्या खिडकीतूनही हाका येत. ते जेवत नव्हते. मला वेळेवर खायला देत, पण 'बर्क' म्हणत नव्हते. नाव न घेता कोणी ताट ठेवले की अन्न कसे लागते, ते मला तेव्हा समजले.

धक्क्यावर उलट्या पडलेल्या एका होडीखाली एक पिवळी कुत्री राहत असे. तिला नुकतीच पिल्ले झाली होती. सोमवारी संध्याकाळी कॉफीच्या दुकानात हसूना म्हणाला, "त्या पिवळीनंच खाल्ली असणार म्हातारीची मांजर. पिल्लं झाल्यापासून माजलीय ती. तिच्याजवळ पांढरे केस दिसले म्हणतात. आज मांजर खाल्ली, उद्या एखाद्या पोराला धरील."

"नुसतं बोलून काय होणार?" दुसरा कोणी म्हणाला. "उचला आणि गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्यापलीकडे नेऊन टाका."

हसूना मास्तरांकडे वळला. त्याच्या आवाजात तेव्हा टिंगल नव्हती. "तुम्ही काय म्हणता, सी शादली? आम्ही सगळे तुमच्याच हाताखालचे. तुम्ही म्हणाल तसं."

मी खुर्चीखाली होतो. मास्तरांचा जोडा माझ्या नाकासमोर होता आणि तो हलत नव्हता.

"असेल," मास्तर म्हणाले. "तीच असेल."

मंगळवारी सकाळी चारपाच माणसांनी काठ्या आणि जुने जाळे घेऊन पिवळीला धरले. तिच्या ओरडण्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. मी भिंतीला तोंड लावून पडून राहिलो. ती काय म्हणत होती ते मला समजत होते. ती पिल्लांना हाका मारत होती.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी मला टॅक्सीत घातले आणि निवाऱ्यात आणले. खाल्ती सालिहा दारातच भेटली. तिने आधी माझे दात, कान, पाय पाहिले.

"चांगला ठेवलाय की! मग परत का आणलात?"

"घर लहान पडतं खाल्ती. माझंही वय झालं."

"सात महिन्यांपूर्वी घर मोठं होतं?"

खाल्तीने माझी दोरी त्यांच्या हातातून घेतली नाही.

"मास्तर, मी ह्याला परत घेईन. मी कुणालाच नाही म्हणत नाही. पण ह्यानं काय केलंय ते मला कळलं नाही, तर उद्या येणाऱ्याला मी काय सांगू? घर लहान होतं म्हणून? आणि मग त्याच्या घरातलं काही मेलं, तर ते कुणाच्या माथी?"

मग मास्तर बोलले. उभे राहूनच बोलले, जसे मुले त्यांच्यासमोर उभी राहून बोलत असतील. दोरी सोडल्याचे सांगितले, सुक्करचे सांगितले, रुमालाचे सांगितले. 'असेल' या शब्दापाशी आल्यावर त्यांनी माझ्या पाठीचा आधार घेतला.

खाल्तीने त्यांना पाणी दिले. सांत्वन केले नाही.

"कुत्र्यानं कुत्र्याचं काम केलं," ती म्हणाली. "दोरी धरायचं काम तुमचं होतं. आणि हे सगळं मला सांगून काय उपयोग? मांजर माझी नव्हती."

आम्ही टॅक्सीने परत आलो. मास्तरांनी घराचे दार उघडलेच नाही. थेट शेजारचे ठोठावले. लल्ला बेयांनी दार उघडले तेव्हा त्यांच्या बोटांना रेशमाचे धागे चिकटलेले होते.

"लल्ला बेया, सुक्करला ह्यानं मारलं. शनिवारी, कबरस्तानात. मी दोरी सोडली होती. मीच तिला पुरलं. पिवळीचा काही दोष नव्हता."

मी मान जमिनीला टेकवली होती. लल्ला बेयांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. त्या मास्तरांकडे पाहत होत्या.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या. "पाच दिवस मी घसा फोडून हाका मारल्या. तुम्ही खिडकी लावून घेत होतात. मला वाटलं, मास्तरांना माझं दुःख ऐकवत नाही, म्हणून लावून घेतात. मी तुम्हाला मनात दुवा देत होते हो! दुवा!"

"मला माफ..."

"तो शब्द काढू नका. कुत्रं मुकं आहे. तुम्हाला तर तोंड होतं ना? अख्ख्या गावाला बोलायला शिकवलंत!" त्यांनी दार अर्धे ओढले आणि पुन्हा उघडले. "उद्या वज्दीचा फोन येईल. मागच्या शुक्रवारी त्याने तिला पाहिलं होतं. उद्या तुम्हीच सांगा त्याला. मी नाही सांगणार."

शुक्रवारी दुपारी मास्तर लल्ला बेयांच्या उंबऱ्याबाहेर बसले. आत या, असे कोणी म्हणाले नाही. मी दोरीला बांधलेला त्यांच्या शेजारी. फोन वाजला. मास्तरांनी सगळे सांगितले, एकही गोष्ट न गाळता. पलीकडून नुसता वाऱ्याचा आणि बोटीच्या यंत्राचा आवाज येत होता.

शेवटी वज्दी म्हणाला, "सी, दुसरीत असताना मी खोटं बोललो होतो. दौत मी सांडली आणि नाव शेजारच्याचं सांगितलं. तुम्ही मला तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतंत. आठवतं?"

"आठवतं, बाळा."

"नंतर तुम्ही म्हणालात, शिक्षा दौतीसाठी नाही, शेजाऱ्यासाठी आहे." तो थांबला. "त्या पिवळीची पिल्लं कुठं आहेत?"

मास्तरांना माहीत नव्हते. त्यांनी विचारच केला नव्हता. वज्दीने फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर आपला शब्द मागे घेतला. हसूना उठला आणि विजेरी घेऊन आमच्याबरोबर धक्क्यावर आला. होडीखाली चारपैकी दोन पिल्ले जिवंत होती. खाल्तीने ती बाटलीने दूध पाजून वाढवली. पिवळीला शोधायला मास्तर आणि हसूना पंधरा दिवस खाऱ्या तळ्याकडे जात होते. ती सापडली नाही. माझ्या गुन्ह्याची शिक्षा तिने भोगली, आणि आम्ही दोघे एकमेकांना कधी भेटलोही नव्हतो. आजही धक्क्यावरून जाताना मी त्या जागेकडे पाहू शकत नाही.

खाल्तीने मला परत घेतले नाही. "आता हा तुमच्याकडेच सर्वांत सुरक्षित," ती म्हणाली. "आता तुम्हाला ह्याची भीती कळलीय." तिनेच हे मुसके शिवून घेतले आणि अंगणाच्या दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

मुसके चढले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक नवाच प्रकार सुरू झाला. पहाटे आम्ही बाहेर पडलो की लल्ला बेयांच्या बंद दारामागून आवाज येई, "दोरी आहे का?"

"आहे, लल्ला बेया."

"मुसकं?"

"आहे."

त्यापलीकडे एक शब्द नाही. ना ईदच्या शुभेच्छा, ना आजारपणाची चौकशी. चार वर्षे रोज हेच दोन प्रश्न. मास्तर रोज थांबत आणि उत्तर देत. कधी पाऊस असला तरी प्रश्न येईपर्यंत ते दारापुढून हलत नसत.

मागच्या हिवाळ्यात मास्तर तापाने अंथरुणाला खिळले. तीन दिवस मी अंगणातच होतो. तिसऱ्या दिवशी कडी वाजली. लल्ला बेया आत आल्या. त्यांनी मास्तरांच्या उशाशी सुपाचे भांडे ठेवले आणि खुंटीवरची दोरी काढली.

"तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर कोंडून पडलंय म्हणून."

त्यांनी मला मुसके चढवले. त्यांच्या हाताला रेशमाचा आणि थोडा माशांचा वास होता. दोरी त्यांनी मनगटाला दोनदा गुंडाळली. आम्ही समुद्राकडे निघालो. कोळ्यांच्या जाळ्यांवर एक करडी मांजर बसलेली होती. मला पाहून ती उठली आणि पळाली.

मित्रांनो, मी आता म्हातारा आहे. तरी माझ्या पाठीचे केस उभे राहिले, मागचे पाय थरथरू लागले आणि कान बंद होऊ लागले. ज्या बाईची सुक्कर मी मारली, तिच्याच हातातली दोरी मी ताणत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण अंग काही केल्या ऐकेना. लल्ला बेयांनी मला मारले नाही, ओढलेही नाही. त्यांनी दोन्ही पाय रोवले, दोरी छातीशी धरली आणि मांजर भिंतीआड जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे पाहिले. चार वर्षांत पहिल्यांदा.

"कळतंय सगळं तुला," त्या म्हणाल्या. "आणि तरी थांबता येत नाही. होय ना रे?"

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी मला कुरवाळले नाही. पण माझे थरथरणे थांबेपर्यंत त्या तिथेच, वाऱ्यात, उभ्या होत्या.

मित्रांनो, निवाऱ्यातून आमच्यापैकी कोणाला घरी न्याल, तर जरूर न्या. आम्ही वाट पाहत असतो. पण तिथल्या माणसाने आमचा दोष सांगितला तर तो गुणांइतकाच लक्ष देऊन ऐका. माझ्यासारख्याला पळणाऱ्या जिवासमोर मोकळे सोडून आमची परीक्षा घेऊ नका; आम्ही नापास होतो आणि फळ दुसऱ्याच कोणाला भोगावे लागते. आणि कधी चूक घडलीच, तर ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात त्याच दिवशी जा, सहाव्या दिवशी नको. बाहेर नेताना माझी दोरी घट्ट धरा. मला वाईट वाटेल म्हणून ती सैल सोडू नका. वाईट वाटत नाही.